नाव, नोंद आणि न्याय

ग्रंथालयाची तालिका हा नैतिक चिंतनाचा विषय होऊ शकेल, असे सहसा कोणाला वाटत नाही. आपण ग्रंथालयात जातो ते ग्रंथासाठी. तालिका ही ग्रंथापर्यंत नेणारी पायवाट. आणि पायवाट नीट असली तर तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु पायवाट चुकली की मुक्काम चुकतो. कपाटात असलेला ग्रंथ मग वाचकापुरता नसल्यासारखाच होतो. म्हणूनच, तालिका करणारा मनुष्य एका लहानशा पत्रकावर जे लिहितो त्यात न्यायाचा काही अंश असतो काय, असा प्रश्न आम्हांला पडतो. तो अंश असतो, आणि तो वाटतो त्याहून मोठा असतो, असे आमचे मत आहे.

आमच्या भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत, आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमान्वये मान्यता मिळालेली लहानमोठी ग्रंथालये तालुक्याच्या गावांपासून खेड्यांपर्यंत पसरली आहेत. अशा कोणत्याही ग्रंथालयात नवे पुस्तक आले की ग्रंथपाल त्याला दाखल नोंदवहीत क्रमांक देतो. हे काम सोपे असते. अवघड काम त्यानंतरचे. ह्या पुस्तकाच्या कर्त्याला कोणत्या नावाने हाक मारावयाची? आडनावाने, स्वतःच्या नावाने, टोपणनावाने, की लोकांनी दिलेल्या नावाने? हा निर्णय ग्रंथकाराच्या अनुपस्थितीत होतो, अनेकदा त्याच्या मृत्यूनंतर होतो आणि बहुधा कायमचा होतो. जो हजर नाही त्याच्याविषयी निर्णय घेणे, ह्यालाच आपण इतरत्र न्यायदान म्हणतो.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की नियमावाचून चालत नाही. मराठीतीलच उदाहरण घेऊ. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक विभावरी शिरूरकर ह्या नावाने प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. ह्या विभावरीबाई म्हणजे माहेरच्या बाळूताई खरे आणि विवाहानंतरच्या मालतीबाई बेडेकर. तीन नावे, पण लेखणी एकच. ग्रंथपालाने समोर येईल त्या नावाखाली नोंद करावयाचे ठरविले, तर एकाच लेखिकेचे लेखन श, ख आणि ब अशा तीन अक्षरांखाली विखुरले जाईल, आणि बेडेकरांचे पुस्तक मागणाऱ्या वाचकाला शिरूरकरांचे पुस्तक कधीच भेटणार नाही. अमेरिकेतील चार्ल्स कटर ह्यांनी १८७६ साली आपल्या नियमांत तालिकेचे हेतू सांगितले, त्यांत हे दोन प्रमुख होते: ठाऊक असलेले पुस्तक वाचकाला सापडावे, आणि एका कर्त्याचे जे काही ग्रंथालयात आहे ते एकत्र दिसावे. दुसऱ्या हेतूसाठी अनेक नावांतून एक निवडावेच लागते. जो निवडतच नाही तो उदार ठरत नाही. तो निष्काळजी ठरतो.

परंतु एक निवडावयाचे तर ते कोणी आणि कशाच्या आधारे? येथे देशोदेशींच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्या का वेगळ्या झाल्या हे पाहण्यासारखे आहे. कारण प्रत्येक वाटेमागे मनुष्याविषयीची एक समजूत दडलेली आहे.

आधुनिक नियमांचा आरंभ लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये झाला असे मानतात. अँथनी पानित्सी हे त्याचे कर्ते. ते मूळचे इटलीतील अंतोनियो; राजकीय चळवळीतील सहभागामुळे देश सोडून इंग्लंडच्या आश्रयाला आलेले. त्यांचे ९१ नियम १८४१ साली छापले गेले. त्या नियमांत राजांची नोंद त्यांच्या पहिल्या नावाखाली होई. यहुदी धर्मगुरू आणि सर्वसाधारणपणे पौर्वात्य लेखक ह्यांचीही पहिल्या नावाखाली. आणि संघप्रवेशाच्या वेळी आडनाव टाकून देणाऱ्या व्रतस्थ बंधूंचीही पहिल्या नावाखालीच. राजा, संन्यासी आणि पूर्वेकडील लेखक असे तिघे एका रांगेत बसले. पण त्यांची कारणे मात्र एक नव्हती. राजाला आडनावाची गरज नव्हती. व्रतस्थाने ते स्वेच्छेने टाकले होते. आणि पूर्वेकडच्या लेखकाला ते नसतेच, असे लंडनला वाटत होते. पहिल्या दोघांच्या बाबतीत नियमाने त्यांचे जीवन विचारात घेतले; तिसऱ्याला मात्र काही न विचारताच त्याचे उत्तर लिहून टाकले. कर्वे, आपटे, टिळक अशी आडनावे सांगणाऱ्या मराठी लेखकाला हा नियम लावला की तो आपल्याच गावात एका अक्षराखाली आणि लंडनमध्ये दुसऱ्या अक्षराखाली राहू लागतो.

जर्मनीची वाट निराळी होती. १८९९ साली प्रशियातील ग्रंथालयांसाठी जे निर्देश सिद्ध झाले त्यांची दोन वैशिष्ट्ये प्रसिद्ध आहेत. पहिले असे की, ज्या ग्रंथाचा कर्ता ज्ञात नाही त्याची नोंद त्याच्या शीर्षकातील पहिल्या शब्दाखाली न करता व्याकरणदृष्ट्या प्रमुख असलेल्या नामाखाली करावयाची. समजा ‘नवा करार’ असे शीर्षक आहे. इंग्रजी वळणाची तालिका ते ‘न’ मध्ये ठेवील. प्रशियन वळणाची ‘क’ मध्ये, कारण ‘करार’ हे नाम आणि ‘नवा’ हे त्याचे विशेषण. एका परंपरेने वाचकाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला, तर दुसरीने त्याच्या व्याकरणावर. दोन्ही परंपरा प्रामाणिक होत्या. त्यांच्या मनातील वाचक वेगळे होते.

दुसरे वैशिष्ट्य अधिक खोल जाणारे आहे. एखादी संस्था ग्रंथाची कर्ती असू शकते काय? इंग्रजी आणि अमेरिकन परंपरेने होय म्हटले: मंडळाचा अहवाल मंडळाच्या नावाखाली, शासनाचा शासनाच्या नावाखाली. प्रशियन परंपरेने नाही म्हटले. लिहितो तो मनुष्य. संस्था लिहीत नाही. म्हणून असा अहवाल निनावी समजून शीर्षकाखाली ठेवावा. वरवर हा तांत्रिक वाद दिसतो. पण जरा थांबून विचार केला तर तो आपल्या सर्वांच्या सार्वजनिक जीवनाला भिडतो. संस्था बोलते तेव्हा त्या बोलण्याची जबाबदारी कोणाची? समितीने अन्यायकारक ठराव केला, तर तो समितीचा म्हणावयाचा की सही करणाऱ्यांचा? आम्हां कॅथलिकांना ह्या प्रश्नाची दोन्ही अंगे ओळखीची आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दस्तऐवज अनेक पंडितांनी रचले, घासले, दुरुस्त केले. तरीही ते परिषदेचे आहेत, आणि परिषद म्हणून ख्रिस्तसभा खरोखर बोलली असे आपण मानतो. म्हणजे समूहाला वाणी असते हे आपण स्वीकारले आहे. मग समूहाला वाणी असेल तर समूहाला अपराधही असू शकतो, आणि पश्चात्तापाचे कर्तव्यही. तालिकेचा एक नियम मान्य करताना मनुष्य केवढे मान्य करून बसतो, हे ह्यावरून कळावे.

इंग्रज आणि अमेरिकन ह्यांनी १९०८ साली संयुक्त नियम केले, तरी काही कलमांवर त्यांचे एकमत होऊ शकले नाही, आणि दोन देशांसाठी दोन पाठ निघाले. भाषा एक, नियम बहुतांशी एक, तरी मने सर्वस्वी एक झाली नाहीत.

ह्या इतिहासात ख्रिस्तसभेचाही एक अध्याय आहे, तो आपल्या वाचकांना फारसा परिचित नसावा. पोप अकरावे पायस हे पूर्वाश्रमीचे अकिल्ले रात्ती. मिलानच्या अँब्रोझियन आणि नंतर व्हॅटिकन ग्रंथालयाचे ते प्रमुख होते. पेत्राच्या आसनावर एक ग्रंथपाल बसला होता असे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या कारकिर्दीत, १९२७ च्या सुमारास, अमेरिकेतील कार्नेगी निधीच्या साह्याने व्हॅटिकन ग्रंथालयाची नवी तालिका करण्याचे काम सुरू झाले. व्हॅटिकनचे काही सेवक शिक्षणासाठी अमेरिकेस गेले, अमेरिकन तज्ज्ञ रोमला आले, आणि १९३१ साली इटालियन भाषेत नियमांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गंमत अशी की, त्या काळच्या अमेरिकन पद्धतीचे सर्वांत पूर्ण विवेचन ह्या इटालियन ग्रंथातच सापडते असे जाणकार म्हणू लागले, आणि १९४८ साली त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेतच करावे लागले. इतकी प्राचीन संस्था, पण दुसऱ्या खंडातील, बव्हंशी अन्यपंथीय लोकांची पद्धत चांगली दिसताच ती स्वीकारण्यात तिला कमीपणा वाटला नाही. परंपरा जपणे आणि शिकणे ह्यांत विरोध नाही, ह्याचा हा दाखला आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून ज्यांच्या प्रतिमेला आपल्या ग्रंथालयांतून दर वर्षी १२ ऑगस्टला हार घालतात, ते डॉ. शि. रा. रंगनाथन. त्यांच्या नावातील ‘शि’ म्हणजे शियाळी हे गाव, ‘रा’ म्हणजे रामामृत हे वडिलांचे नाव, आणि रंगनाथन हे त्यांचे स्वतःचे नाव. त्यांना आपल्या अर्थाने आडनाव नव्हते! नावांच्या क्रमाविषयी ज्यांनी देशाला शिस्त लावली त्यांचेच नाव प्रचलित साच्यात बसत नव्हते. त्यांनी १९३४ साली आपली तालिकासंहिता प्रसिद्ध केली, आणि १९५५ साली प्रशियन, अमेरिकन, व्हॅटिकनच्या आणि स्वतःच्या नियमांसह पाच संहितांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. तालिका करणाऱ्याने ग्रंथाच्या मुखपृष्ठामागील शीर्षकपृष्ठ सांगेल ते प्रमाण मानावे, आपली विद्वत्ता त्याच्यावर लादू नये, असा त्यांचा आग्रह होता. ह्या आग्रहात आम्हांला एक नम्रता दिसते. ग्रंथकाराने जगापुढे येताना जो चेहरा स्वतः निवडला, त्याचा मान राखण्याची ही रीत आहे.

१९६१ च्या ऑक्टोबरात पॅरिस येथे ५३ देशांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. तेथे बऱ्याच वर्षांचा वाद एका तत्त्वावर येऊन शांत झाला: अनेक शब्दांच्या नावातील कोणता शब्द आधी घ्यावयाचा, हे त्या व्यक्तीच्या देशातील रूढीवरून ठरवावे. संस्थेला कर्तृत्व देण्याच्या बाबतीतही जर्मन परंपरा दोन पावले पुढे आली. लंडनने पूर्वेकडच्या माणसाचे नाव ठरविण्याचा काळ त्या दिवशी तत्त्वतः संपला. पुढे इंग्रजी-अमेरिकन नियमांच्या १९७८ च्या आवृत्तीत भारतीय नावांसाठी स्वतंत्र कलम आले: एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे लेखक स्वतःच्या नावाखाली, नंतरचे आडनाव असल्यास आडनावाखाली, आणि दक्षिणेकडील आडनाव नसलेली नावे त्यांच्या रीतीप्रमाणे. तुकोबांना कोणी आडनावाखाली शोधीत नाही, ते ‘तुकाराम’ म्हणूनच सापडले पाहिजेत, ही साधी गोष्ट नियमात येण्यास इतका काळ लागला.

पण येथेच प्रश्न संपला असता तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. ‘देशाची रूढी’ असे म्हटले की प्रश्न देशाच्या सीमेवरून आत येतो. तो मिटत नाही. कारण देशाला एकच रूढी कोठे आहे? देश कशाला, आमच्या एका जिल्ह्याला तरी कोठे आहे?

भंडाऱ्याचे नाव मराठी वाङ्मयात फार पूर्वी येते. चक्रधरस्वामींच्या अनुयायांत नीळभट भांडारेकार हे एक नाव आहे. ‘लीळाचरित्रा’ने ते आपल्यापर्यंत पोहोचविले. ‘भांडारेकार’ हे आडनाव म्हणावे काय? जो भंडाऱ्यात राहतो त्याला भंडाऱ्यात कोणी भांडारेकार म्हणत नाही. ते नाव गाव सोडल्यावर, परमुलखात, इतरांच्या तोंडून मिळते. ते हाक मारण्याचे नाव नव्हे, ओळख सांगण्याचे नाव आहे. म्हणून त्यांना ‘न’ खाली शोधणेच योग्य. पुढे इंग्रजी अमलात हा जिल्हा मध्य प्रांतात होता, आणि महसुली कागदांत माणसाची नोंद ‘अमुक वल्द अमुक, जात अमुक’ अशी होई. त्यात आडनावाला जागा नसली तरी चाले, पण जातीला असे. त्याच माणसाचा मुलगा शाळेत गेला की तेथे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा मराठी क्रम. एका घरातील दोन पिढ्यांची नोंद दोन शास्त्रांनुसार!

आजचे चित्र ह्याहून मिश्र आहे. जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीमुळे आणि तुमसर तालुक्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींमुळे देशाच्या निरनिराळ्या भागांतील माणसे ह्या मुलखात आली. नागपूर महाधर्मप्रांताच्या कोणत्याही मिश्र वस्तीच्या धर्मग्रामात मिस्सेनंतर अंगणात उभे राहून नावे ऐकावीत. गोव्याकडचा डिसोझा आडनाव सांगतो. केरळच्या जॉर्ज थॉमस ह्यांच्या नावातील थॉमस हे बहुधा वडिलांचे नाव. त्यांच्या मुलाच्या नावापुढे जॉर्ज येते, थॉमस नाही. तमिळ बंधू आद्याक्षर आधी लावतो आणि त्याचे खरे नाव शेवटी असते. छोटा नागपूरकडील तिर्की किंवा टोप्पो हे कुळाचे नाव. मराठी बहीण लग्नानंतर वडिलांचे नाव टाकून पतीचे लावते, कधी स्वतःचेही बदलते. धर्मभगिनीने व्रतग्रहणाच्या वेळी नवे नाव घेतलेले असू शकते. आणि ह्या सर्वांपुढे कचेरीतील अर्ज एकच येतो: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. ज्याला आडनाव नाही तो तेथे काहीतरी लिहितो. जन्मभर मग ते ‘काहीतरी’ त्याचे आडनाव होऊन बसते. पॅरिसने राष्ट्राला जो न्याय दिला, तो राष्ट्राने आपल्या घरातील लहानांना अद्याप पुरता दिलेला नाही.

आपल्या स्वतःच्या साहित्यातील सर्वांत मोठे उदाहरण तर फादर स्टीफन्स ह्यांचे. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात, सुमारे १५४९ मध्ये जन्मलेले हे येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. १६१६ साली रायतूरला त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले आणि १६१९ साली साष्टीत त्यांचा अंत झाला. इंग्रजांच्या लेखी ते टॉमस स्टीफन्स वा स्टीव्हन्स. पोर्तुगिजांच्या लेखी पाद्री इश्तेव्हाँव. काही जुन्या लेखनात त्यांच्या बुश्टन ह्या गावावरून पडलेले बस्टन हे नावही येते. लंडनचा ग्रंथपाल एके ठिकाणी शोधील, लिस्बनचा दुसऱ्या, आणि मराठी वाचक ‘फादर स्टीफन्स’ म्हणून विचारील. ह्यांतील खरे कोणते? जन्मदात्यांनी दिलेले खरे म्हणावे, तर त्यांनी ज्या लोकांत आयुष्य घालविले त्यांची हाक खोटी ठरते. त्यांनी मराठीत लिहिले म्हणून मराठी रूप खरे म्हणावे, तर जन्मभूमीचा हक्क नाकारला जातो. आम्हांला वाटते, अशा माणसाच्या बाबतीत ‘एकच खरे’ हा आग्रहच खोटा आहे. जो अनेक लोकांचा झाला त्याला अनेक नावे असणारच.

ह्याच्या जोडीला ख्रिस्तसभेची स्वतःची नोंदवही ठेवून पाहू. धर्मग्रामात विवाहाची नोंद ठेवावी आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहावीत, असा आदेश ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली दिला. सामान्य माणसाचे नाव, तो राजा किंवा जमीनदार नसताही, लिहून जपण्याची ही मोठी परंपरा. परंतु ती नावे कित्येक ठिकाणी लॅटिन वा पोर्तुगीज रूपात लिहिली गेली. घरात ज्या नावाने आई हाक मारी ते वहीत आलेच नाही. १९१७ च्या धर्मसंहितेने सांगितले की बालकाला ख्रिस्ती नाव द्यावे, आणि आईवडील ऐकत नसतील तर धर्मगुरूने त्यांच्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडावे. १९८३ च्या संहितेत एवढेच उरले की ख्रिस्ती भावनेला परके असे नाव दिले जाणार नाही ह्याची काळजी घ्यावी. म्हणजे संतोष, आनंद, करुणा ही नावे आज कोणत्याही जोडीवाचून वहीत येऊ शकतात. ग्रंथपालांनी पॅरिसमध्ये जे वळण घेतले, तेच ख्रिस्तसभेने आपल्या वहीत घेतले: नियम माणसाच्या घरी गेला.

नियम करणाऱ्याचा पंथ नियमात कसा नकळत उतरतो, ह्याची दोन उदाहरणे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. इंग्रजी-अमेरिकन नियमांच्या १९७८ च्या आवृत्तीत तोबित, ज्युडिथ, मकाबी ह्या ग्रंथांची नोंद बायबलमधील ‘अपोक्रिफा’ ह्या उपशीर्षकाखाली करावयाची होती. कॅथलिकांच्या दृष्टीने हे ग्रंथ पवित्र शास्त्राचेच भाग आहेत. पण तालिकेने प्रॉटेस्टंट दृष्टी सर्वांची म्हणून धरली. ह्यावर आपल्याला राग येणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच क्षणी दुसरे उदाहरण पाहावे. आपल्याकडील असंख्य ग्रंथालयांत जे ड्यूई दशांश वर्गीकरण वापरतात, त्यात धर्मासाठी २०० ते २९९ हे अंक आहेत. त्यांतील २२० ते २८९ ख्रिस्ती धर्माला, आणि जगातील बाकीच्या सर्व धर्मांना मिळून २९०. स्थानिक धर्माला अग्रक्रम देण्याची सवलत आहे, तरी सामान्य साचा हाच. बौद्ध २९४.३ आणि हिंदू २९४.५. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात, जेथे बौद्ध आणि हिंदू वाचक बहुसंख्य आणि आपण मूठभर, तेथे कपाटावर आपली जागा प्रशस्त आणि त्यांची दशांशचिन्हापलीकडे दाटीवाटीची. पहिल्या उदाहरणाने जो दुखावतो त्याने दुसऱ्याने संकोचले पाहिजे. आपल्याला सोयीची नोंद न्यायाचीच असते असे नाही. आणि अल्पसंख्याकालाही कोठेतरी बहुसंख्याकाचा लाभ मिळत असतो.

मग मार्ग कोणता? तो तालिकाकारांनी फार पूर्वीच शोधून ठेवला आहे आणि त्याचे नाव अगदी साधे आहे: ‘पाहा’. ज्या नावाखाली मुख्य नोंद केली नाही, त्या प्रत्येक नावाचे एक पत्रक करून त्यावर लिहावयाचे, ‘खरे, बाळूताई: पाहा बेडेकर, मालतीबाई’. म्हणजे नियमाला एक नाव निवडता येते, पण इतर नावांची दारे बंद होत नाहीत. जो ज्या नावाने ओळखतो त्याने त्या नावाने यावे, त्याला हात धरून मुक्कामी नेले जाईल. आज जगाची राष्ट्रीय ग्रंथालये ह्याच दिशेने गेली आहेत. एकाच रूपाची सक्ती सर्व देशांवर करण्याचा जुना आदर्श मागे पडला. अमेरिकेचे काँग्रेस ग्रंथालय, जर्मन राष्ट्रीय ग्रंथालय आदींनी २००३ साली जी संयुक्त नामसूची सुरू केली तीत प्रत्येक देशाचे रूप जसेच्या तसे राहते आणि संगणक ती एकमेकांशी जोडतो. २००९ च्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांनी वाचकाची सोय हे सर्वोच्च तत्त्व मानले. एकरूपतेकडून ऐक्याकडे असे ह्या प्रवासाचे वर्णन करता येईल, आणि ह्या दोहोंतील भेद ख्रिस्तसभेला चांगला ठाऊक आहे.

तथापि एक गंभीर आक्षेप उरतो, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रत्येक जुने नाव जपणे हा न्यायच असतो काय? ह्याच विदर्भात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांबरोबर लाखो लोकांनी जुनी ओळख टाकून दिली. जुन्या दफ्तरांत दलितांची नावे सन्मानाने लिहिलेली क्वचितच आढळतात. शेजारच्याला ‘जी’ आणि ‘राव’, ह्याला मात्र ‘राम्या’ आणि ‘धोंड्या’. अशा माणसाच्या नातवाने नवे नाव घेऊन पुस्तक लिहिले, तर त्याच्या नव्या नावामागे जुने जोडून ‘पाहा’ म्हणावे काय? ते दार नव्हे. ती जखम उघडी ठेवणे होय.

येथे आम्ही एक भेद सुचवितो. जे नाव माणसाने स्वतः घेतले, स्वतः मिरविले, ज्या नावाने ग्रंथ जगापुढे ठेवला, ते नाव त्याच्या इतिहासाचा भाग आहे. त्याने पुढे दुसरे घेतले तरी पहिल्यापासून वाट असावी, कारण त्या नावाची पुस्तके कपाटात आहेत आणि वाचक त्यांना शोधीत आहेत. परंतु जे नाव इतरांनी त्याच्यावर लादले, ज्या नावाने त्याने कधी बोलण्याचे मान्य केले नाही, त्याला ग्रंथाच्या तालिकेत स्थान नाही. पंडिता रमाबाईंना माहेरचे डोंगरे आणि सासरचे मेधावी अशी आडनावे होती. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ हे कलकत्त्यातील विद्वानांनी केलेले गौरव. त्या रमाबाई म्हणून लिहित्या झाल्या. त्या रमाबाई म्हणूनच प्रथम सापडाव्यात आणि बाकीची नावे वाचकाला त्यांच्याकडे आणण्यापुरती असावीत. वाट ग्रंथ शोधणाऱ्यासाठी असावी, माणूस उकरणाऱ्यासाठी नव्हे. इतिहासकाराला जुनी दफ्तरे लागतील, ती अभिलेखागारात आहेतच. पण ग्रंथालयाचे दार हे चौकशीचे दालन नव्हे.

हा भेद प्रत्येक वेळी स्वच्छ दिसेल असे आम्ही म्हणत नाही. मधली प्रकरणे असतात. तेथे एकच उपाय उरतो, तो म्हणजे विचारणे. ग्रंथकार हयात असेल तर त्याला पत्र टाकावे. नसेल तर त्याच्या लेखनाला विचारावे. लहान ग्रंथालयाला मनुष्यबळ कमी असते, वेतन तुटपुंजे असते, हे आम्ही जाणतो. शंभर संहिता पाठ करण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही. पण ‘पाहा’ लिहिलेल्या एका पत्रकाला खर्च तो काय? धर्मग्रामाच्या वाचनालयात, शाळेच्या हजेरीपटावर, संस्थेच्या सभासदयादीत एवढे तर सहज करता येईल की नाव लिहिण्यापूर्वी ज्याचे नाव आहे त्याला विचारावे, ‘आपल्याला काय म्हणतात? ह्यांतील कोणते आपले?’ आणि तो सांगेल त्या क्रमाने लिहावे. साचा कोता असेल तर साच्याची कड वाकवावी, माणसाची नव्हे.

संत योहानाच्या शुभवर्तमानात उत्तम मेंढपाळाची एक खूण सांगितली आहे: तो आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो. तो कोणत्या भाषेत, कोणत्या क्रमाने हाक मारतो हे तेथे सांगितलेले नाही; मेंढरे त्याचा आवाज ओळखतात एवढेच सांगितले आहे. नावाच्या नोंदीची कसोटीही तीच मानावी असे आम्हांला वाटते. ज्याचे नाव आपण लिहिले, त्याने ती नोंद वाचली, तर ही आपल्यालाच मारलेली हाक आहे असे त्याला वाटेल काय? ज्या नोंदीविषयी ह्याचे उत्तर होय असे येते, ती कोणत्याही देशाच्या संहितेनुसार केलेली असो, न्यायाची आहे.